वर्षभर थांबायचंय? आधी जागा राखून ठेव

ताई,
माझी शाळा संपली. विद्यापीठात भौतिकशास्त्राला जागा मिळाली, पण आनंद असा होतच नाहीये. गेली दोन वर्षं परीक्षेशिवाय दुसरं काही केलं नाही. आता पुस्तक उघडलं की पान पुढे सरकत नाही. मला एक वर्ष थांबायचंय. बाबा म्हणतात, अभ्यासाची सवय एकदा मोडली की मोडली, वर्ष वाया जाणार. आई गप्प आहे. मैत्रिणी पुढे निघून जातील आणि नंतर वर्गात मीच सगळ्यांत मोठी असेन, याचीही धास्ती वाटते. वर्षभर काय करायचं ते अजून नक्की नाही. थोडं फिरेन, थोडं वाचेन. माझं चुकतंय का?
– थकलेली, वय १८

प्रिय थकलेली,

थांबावंसं वाटण्यात तुझं काही चुकत नाही. चूक झालीच तर ती 'थोडं फिरेन, थोडं वाचेन' इथे होईल. त्या वाक्याकडे मी येणार आहेच. पण आधी बाबांचं म्हणणं ऐकून घेऊ, कारण त्यात तथ्य आहे.

रॉबर्ट बोझिक आणि स्टेफनी डेल्यूका या अमेरिकी अभ्यासकांनी २००५ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. शाळा संपल्यावर जी मुलं लगेच कॉलेजात गेली नाहीत त्यांचं पुढे काय झालं, हा त्याचा विषय. उशिरा गेलेल्या मुलांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण लगेच गेलेल्यांपेक्षा बरंच कमी निघालं. बाबांनी हा निबंध वाचला असेल असं नाही, पण 'फक्त एक वर्ष' म्हणून थांबलेला आणि परत कधी न गेलेला कोणीतरी त्यांनी पाहिलेला असणार. असा एखादा बहुतेकांच्या ओळखीत असतो. तेव्हा त्यांच्या बोलण्याला जुन्या वळणाचा हट्ट समजू नकोस.

आता त्याच निबंधातली दुसरी बाजू. उशीर झालेल्यांत घरची परिस्थिती बेताची असलेली, शाळेत मागे पडलेली मुलं जास्त होती. त्यांच्यापैकी कितीतरी जणांवर ते थांबणं येऊन पडलं होतं. तुझ्या हातात जागा आहे, आणि थांबायचं की नाही हे तू ठरवणार आहेस. हा फरक लहान नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातल्या अँड्र्यू मार्टिन यांनी २०१० मध्ये मांडलेले निष्कर्ष या ठिकाणी उपयोगी पडतात. वर्ष थांबण्याकडे ओढा कोणाचा, तर बहुतेक वेळा अभ्यासावरचं मन उडालेल्यांचा, असं त्यांना दिसलं. पण थांबून मग विद्यापीठात आलेल्यांकडे पाहिलं, तर त्यांची अभ्यासाची उमेद वाढलेली आढळली. दोन्ही निबंध शेजारी ठेवले तर मला एवढंच समजतं की नुसत्या वर्षाने कोणी बुडत नाही आणि तरतही नाही. परतीची वाट आधी बांधून ठेवली आहे का, यावर बरंचसं ठरतं.

म्हणून सगळ्यात पहिलं काम विद्यापीठाला पत्र लिहिण्याचं. घरातला वाद थोडे दिवस थांबला तरी चालेल, ही चौकशी थांबवू नकोस. मिळालेला प्रवेश एक वर्षाने पुढे ढकलता येतो का, हे विचारायचं. काही विद्यापीठं याला मनापासून अनुकूल असतात. हार्वर्ड गेली कित्येक वर्षं प्रवेश मिळाल्याच्या पत्रातच 'वर्षभर थांबून यायचं असेल तर विचार करा' असं सुचवत आलं आहे. प्रिन्स्टनने २००९ पासून स्वतःचा उपक्रमच चालवला आहे: निवडलेले नवे विद्यार्थी वर्ग सुरू होण्याआधी नऊ महिने परदेशात एका ठिकाणी राहून काम करतात, आणि त्याचं शिक्षणशुल्क घेतलं जात नाही. ब्रिटनमध्ये युकास या सामायिक यंत्रणेतून अर्ज करतानाच 'पुढच्या वर्षी येईन' असं सांगता येतं, अर्थात तो अभ्यासक्रम ते मान्य करत असेल तर.

पण हे सगळीकडे चालत नाही. कित्येक ठिकाणी पुढे ढकलण्याची सोयच नसते. जागा सोडायची, आणि पुढच्या वर्षी नव्या मुलांच्या रांगेत पुन्हा उभं राहायचं. तुझं विद्यापीठ असं असेल तर माझं उत्तर बदलतं, हे आत्ताच सांगून ठेवते. दमलेल्या माणसाने पुन्हा तीच परीक्षा, तेच अर्ज, तीच वाट बघणं ओढवून घ्यावं, याला मी विश्रांती म्हणणार नाही. अशा वेळी प्रवेश घे, हजर हो, आणि पहिल्या सत्रानंतर किंवा पहिल्या वर्षानंतर अधिकृत रजा घेता येते का ते बघ. अनेक विद्यापीठांच्या नियमांत तशी तरतूद असते. विद्यार्थ्यांना मात्र ती गळ्याशी आल्यावरच कळते.

पुढे ढकलता येत असेल तर आणखी काही प्रश्न त्याच पत्रात विचारून घे. अर्जाची शेवटची तारीख कोणती. भरलेले पैसे पुढच्या वर्षी धरले जातात का. शिष्यवृत्ती मिळाली असेल तर ती वर्षभर टिकते की नव्याने मागावी लागते. पुष्कळांचं इथेच फसतं, जागा राहते आणि पैसे जातात. वसतिगृहाचं काय. मधल्या वर्षात दुसऱ्या संस्थेत एखादा अभ्यासक्रम करायची मुभा आहे का. बऱ्याच ठिकाणी दुसरीकडे पदवीला नाव घातलं तर राखून ठेवलेली जागा रद्द होते. ही उत्तरं लेखी घे. फोनवर 'हो हो, होऊन जाईल' म्हणणारी व्यक्ती वर्षानंतर त्या टेबलावर असेलच असं नाही.

आता तुझ्या थकव्याबद्दल. मला जे वाटतं ते तुला आवडणार नाही कदाचित. परीक्षेचा थकवा घालवायला वर्ष लागत नाही. सहा आठवडे लागतात, फार तर दोन महिने. पोटभर झोप, गजर न लावता उठणं, काहीही सिद्ध करायचं नसलेले दिवस. त्यानंतर पुन्हा काहीतरी करावंसं वाटू लागतं. तसं वाटू लागलं तर उरलेल्या दहा महिन्यांना विश्रांती म्हणून उपयोग नाही, त्यांना दुसरं काम द्यायला हवं. आणि एवढं झोपूनही तसं वाटलंच नाही, खाण्यापिण्यावरची, गप्पांवरची, आवडत्या गाण्यांवरचीही वासना गेलेली असेल, तर सुट्टीच्या भरवशावर राहू नकोस. डॉक्टरांना भेट, समुपदेशकाकडे जा. रिकामं वर्ष हा त्यावर उपचार नव्हे. उलट दिवसाला आकार नसला की असा त्रास वाढतो. पान पुढे सरकत नाही म्हणालीस ते कोणतं पान? परीक्षेच्या अभ्यासाचंच की गोष्टीच्या पुस्तकाचंसुद्धा? हे स्वतःशीच तपासून बघ. अभ्यासाचंच असेल तर मला फार काळजी वाटत नाही.

तर मग ते दहा महिने. या बाबतीत माझी एकच अट आहे, आणि ती मी कोणाच्याही बाबतीत सैल करत नाही. घरच्यांव्यतिरिक्त कोणीतरी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी तुझी वाट बघत असलं पाहिजे. तू गेली नाहीस तर कोणाचं तरी अडलं पाहिजे. हे एवढं साधलं की बाकीचं वर्ष आपोआप उभं राहतं, फिरणंही आणि वाचणंही. हे नसलं की सकाळ दुपारवर जाते, दुपार संध्याकाळवर, आणि फोन हातातून सुटत नाही. आळशी मुलांचंच असं होतं असं समजू नकोस. शाळेने बारा वर्षं ज्यांच्या दिवसाची चौकट आखून दिली, त्या हुशार, शिस्तीच्या मुलांचं तर हमखास होतं, कारण स्वतःचा दिवस स्वतः आखायची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते.

काम कोणतं? मी तर साधी नोकरी म्हणेन. दुकानाच्या काउंटरवर, गोदामात, ग्रंथालयात, दवाखान्याच्या स्वागतकक्षात, वृद्धाश्रमात. विषयाशी संबंध नसला तरी बिघडत नाही. 'भौतिकशास्त्राला शोभेल असं काही' शोधत बसलीस तर तीन महिने शोधण्यातच जातील. आजवर तुझा सगळा दिवस तुझ्याच वयाच्या मुलांबरोबर आणि त्यांना गुण देणाऱ्या मोठ्यांबरोबर गेला. चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसांबरोबर बरोबरीने एखादं काम उरकणं, त्यांची बोलणी खाणं, त्यांनी आपल्यावर विश्वास टाकणं, हे शाळेत मिळत नाही आणि विद्यापीठातही क्वचित मिळतं. शिवाय स्वतःचे पैसे हातात येतात. थांबण्याचा खर्च बाबांवर पडणार नसेल तर बाबांचा अर्धा विरोध तिथेच मावळेल, असा माझा अंदाज.

स्वयंसेवा म्हणशील, तर तीही चांगलीच. फक्त डोळे उघडे ठेव. ब्रिटनमध्ये १९५८ साली स्वयंसेवकांना परदेशात पाठवणारी व्हीएसओ ही संस्था सुरू झाली, तेव्हा तिने पहिल्यांदा पाठवले ते शाळा संपवून विद्यापीठात जायच्या आधी मोकळे असलेले तरुणच होते. पुढच्या काळात या कल्पनेचा मोठा व्यापार झाला. आता तुझ्याकडून भरपूर पैसे घेऊन दोन आठवड्यांत 'जग बदलायला' नेणाऱ्या कंपन्या आहेत. अनाथाश्रमात जाऊन मुलांशी खेळायचं, फोटो काढायचे, परत यायचं, असल्या सहलींपासून तर चार हात लांबच राहा. नेपाळ आणि कंबोडियात अशा आश्रमांमधल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं उघड झालं आहे. पाहुण्यांच्या पैशांसाठी मुलं घरातून आणून ठेवली जात होती. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने आधुनिक गुलामगिरीची चौकशी करताना या प्रकाराची दखल घेतली होती. संस्था बरी की वाईट हे ओळखायला मी दोन गोष्टी बघते: ती किती महिने थांबायला सांगते, आणि तुला काय येतं हे विचारते का. प्रिन्स्टनवाले नऊ महिने एकाच गावी ठेवतात ते उगाच नव्हे. पहिले काही आठवडे नवखा माणूस मदतीपेक्षा अडचणच जास्त करतो.

'थोडं फिरेन' यालाही माझी हरकत नाही, पण फिरणं नोकरीनंतर ठेव, साठलेल्या पैशांवर. आधी फिरलं की वर्षाच्या मध्यावर खिसा आणि उत्साह दोन्ही एकदमच संपतात.

डेन्मार्कबद्दल थोडं सांगते, बाबांशी बोलताना उपयोगी पडेल. तिथे शाळा आणि विद्यापीठ यांच्या मध्ये थांबायची रीत जुनी आहे. ग्रुंटव्हिग या धर्मशास्त्रज्ञ-कवीच्या विचारांतून १८४४ साली रोडिंग इथे पहिलं लोकविद्यालय निघालं. तरुणांनी एकत्र राहायचं, शिकायचं, परीक्षा नाही, गुण नाहीत. अशी विद्यालयं तिथे आजही चालतात आणि वर्ष थांबलेली पुष्कळ मुलं त्या वर्षातला काही काळ तिथे काढतात. पण त्याच देशाच्या सरकारचं मत मधली काही वर्षं हुबेहूब तुझ्या बाबांसारखं होतं! मुलांनी रेंगाळू नये म्हणून त्यांनी नियम केला, की शाळा संपल्यापासून दोन वर्षांच्या आत विद्यापीठाला अर्ज केला तर तुमच्या सरासरी गुणांना १.०८ ने गुणू. पुढे २०२० च्या प्रवेशांपासून तो नियम त्यांनीच काढून टाकला. मुलांवर घाईचा ताण येतो, हा त्यामागचा एक मुद्दा होता. आयर्लंडने तर १९७४ मध्ये माध्यमिक शिक्षणाच्या मधोमधच एक ऐच्छिक वर्ष घालून ठेवलं, ज्यात मोठी परीक्षा नसते आणि मुलं कामाचा अनुभव घेतात. तेव्हा वर्ष थांबणं म्हणजे वर्ष वाया, असं सगळं जग मानत नाही. अर्थात हे बाबांना तावातावाने ऐकवू नकोस. परदेशातले दाखले देऊन घरातली भांडणं जिंकलेली मी पाहिलेली नाहीत.

भौतिकशास्त्र घेतलं आहेस म्हणून एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. इतिहास किंवा साहित्य शिकणाऱ्याला वर्षभर भटकून, वाचून, माणसं बघून फायदाच होतो. गणितावर उभ्या असलेल्या विषयांचं तसं नाही. हात गंजतो. कलन आणि सदिश तुला आज झोपेत येत असतील, वर्षाने येणार नाहीत. आणि पहिल्या सत्रातले प्राध्यापक ते येतं असंच धरून चालतात. बाबांचा सवयीचा मुद्दा इथे शंभर टक्के खरा आहे. तेव्हा पहिले दोन महिने गणिताला अजिबात हात लावू नकोस, आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा, तासदीड तास, कागद-पेन घेऊन उदाहरणं सोडव. व्हिडिओ बघणं यात धरू नकोस. दुसऱ्याने सोडवलेलं बघताना सगळं समजल्यासारखंच वाटतं. वर्ग सुरू होण्याआधीच्या शेवटच्या दोन महिन्यांत वेळ वाढव. परीक्षा डोक्यावर नसताना एखाद्या उदाहरणावर दोन दिवस रेंगाळता येणं, यातली मजा तुला बहुतेक पहिल्यांदाच मिळेल. मिळाली तर भौतिकशास्त्राची निवड बरोबर होती हेही कळेल. नाही मिळाली तर तेही वेळेत कळलेलं बरं.

मैत्रिणी पुढे जातील, हो. त्यांच्या पहिल्या आठवड्याचे फोटो येतील, नवे ग्रुप होतील, तू त्यांत नसशील. ते दिवस वाईट जातात. वर्ग सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे सगळ्यात कठीण, आणि नेमकं तेव्हाच 'आपण मूर्खपणा केला' असं वाटतं. त्या काळात कोणताही नवा निर्णय घ्यायचा नाही, एवढं आधीच ठरवून ठेव. नोकरी त्याच सुमारास सुरू झालेली असली तर फार बरं. वर्गात एक वर्षाने मोठी असण्याची चिंता मात्र सोडून दे. सिंगापूरमध्ये मुलगे दोन वर्षांची सक्तीची राष्ट्रीय सेवा करून मगच विद्यापीठात येतात, इस्रायलमध्ये बहुतेकांची लष्करी सेवा आधी होते. कोणाला काही वाटत नाही. तुझ्या वर्गातही दुसऱ्या आठवड्यानंतर कोणी वय विचारणार नाही.

बाबांशी बोलायला बसशील तेव्हा थकव्यापासून सुरुवात करू नकोस. 'मी थकलेय' म्हणालीस की 'आम्ही नाही थकलो कधी?' हे उत्तर ठरलेलं आहे. एक कागद घेऊन बस. त्यावर विद्यापीठाचं लेखी उत्तर, कोणत्या महिन्यात काय करणार, पैसे कुठून येणार, गणित कधी, आणि शेवटी एक तारीख. त्या तारखेपर्यंत नोकरी किंवा ठरलेलं काम सुरू झालं नाही, तर पुढे काय करायचं हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. ही तारीख तू स्वतःहून दे. बाबांना भीती अशी आहे की हे वर्ष संपणारच नाही. तुझ्या हातचा कागद बघून ती बरीच कमी होईल. आणि ते तरीही नाहीच म्हणाले तर? तू अठरा वर्षांची आहेस, पण राहणार त्यांच्याच घरात, त्यामुळे नुसत्या हक्काच्या भाषेने निभणार नाही. 'दोन महिने बघा, मग बोलू' एवढं मागून घे. विद्यापीठाची अर्जाची तारीख तोवर उलटत नसेल तर. उलटत असेल तर आधी जागा राखून ठेवायची परवानगी माग. मन बदललं तर याच वर्षी हजर होता येतं का, तेही विद्यापीठाला विचारून ठेव.

राहिली आई. तुझ्या पत्रात 'आई गप्प आहे' हे वाक्य बाबांच्या वाक्याला लागून आलंय, जणू तिचं मत त्यातच आलं. तिला वेगळं गाठून विचारलंस का? ती गप्प आहे याचा अर्थ ती विरोधात आहे असा होत नाही. गेली दोन वर्षं तुला रात्री जागताना तिनेही पाहिलंय, आणि बाबांना कोणत्या वेळी काय बोललेलं चालतं हे तुझ्यापेक्षा तिला जास्त माहीत आहे. तो कागद आधी तिला दाखव.

विद्यापीठाचं उत्तर आलं की कळव. त्यांनी नाही म्हटलं तर रजेचे नियम काय आहेत ते पाठव, मग पुढचं बघू.

तुझी,
ताई